क की ळ

कोळेवस्तीच्या बारवेत उतरताना
डाव्या कोनाड्यावर एक आडवा चिरा आहे,
त्यावर साडेतीन ओळी.
चौथी कुणी पुरी केली नाही.
पैसे संपले, की पाणी लागलं, की दिवस मावळला,
दगड सांगत नाही.

किर्पेकर सरांनी ठसा घेतला तेव्हा मी जन्मले नव्हते.
ओला कागद, ब्रशचे फटके, शाईचा बोळा,
आणि वहीत बारीक अक्षरात:
तुकसा, पुढे तीन अक्षरं झिजलेली, बारव बांधिली.
समासात: कोणी व्यापारी असावा.
'असावा' त्यांनी जपून लिहिला होता.
मागून आलेल्यांनी तो गाळला.
पुढच्या तीन लेखांत तुकसा व्यापारी होता,
चौथ्यात त्याच्याकडे मिठाचे बैलही होते.

मी दगड वाचत नाही. मोजते.
टेप, ओळंबा, पेन्सिल,
दहिवडीच्या एसटीत चुरगळलेला आलेखाचा कागद.
माझं काम एवढंच,
भिंत कशाच्या जोरावर उभी आहे ते शोधायचं.

तिसऱ्या दिवशी ओळंबा सोडला
तर चिरा दीड बोट पुढे आलेला.
वर पाहिलं: बरोबर डोक्यावर थारोळं.
किती पिढ्या तिथे भरली मोट ओतली गेली असेल,
दर ओतण्याला एक हिसका,
दर हिसक्याला केसभर खाली.
भेग वरच्या दगडात सुरू होते,
चुन्याच्या सांध्यातून न चुकता उतरते
आणि नावाच्या दुसऱ्या अक्षरातून आरपार जाते.

सर, तुम्हाला दिसलेली ती उभी दांडी
छिन्नीची नव्हती.
वजनाची होती.

ती पुसली मनातल्या मनात,
तर उरले दोन वाटोळे कान.
तुळसा, मी मोठ्याने म्हटलं.
पारवे उडाले, पुन्हा त्याच खाचांत बसले.

पुण्याहून एका जाणकारांनी फोनवर विचारलं,
तुमची पदवी कशातली?
मी सांगितलं.
ते म्हणाले, हं.
त्या 'हं'चं वाचन मला अजून लागलेलं नाही.

वैशाखात दस्तगीर मुजावरने इंजिन लावून गाळ उपसला.
चिखल, दोन कळशा, एक चप्पल, परातभर खापऱ्या,
आणि तळाची पायरी, जी कुठल्याच नकाशात नव्हती.
तो खालूनच ओरडला,
"मॅडम, हितं कुणीतरी खरडलंय बघा!"

ळ. ळ. ळ.
पहिला उलटा, आरशातल्यासारखा.
दुसरा एका कानाने लंगडा.
तिसरा गोल, पाणीदार,
वरच्या चिऱ्यावरचा जुळा भाऊ.

त्याला वाचता येत नसावं.
(नसावं, सर. मीही जपून लिहितेय.)
कुणीतरी कोळशाने आकार काढून दिला असेल,
हे असं कोर म्हणून,
आणि हा माणूस तळाशी येऊन बसला,
जिथे उद्या पाणी येईल
आणि आपली चूक कुणाला दिसणार नाही.

तुळसा कोण, ते कागदांत नाही.
बाई, की वृंदावनाला सोडलेलं दान,
की एखादी मुलगी, जिच्यासाठी तळापर्यंत खणावं लागलं?
अहवालात मी लिहिलं: वाचन तुळसा, संभाव्य.
कोरणारा अज्ञात. हात शिकाऊ.
दुसरं वाक्य नंतर खोडलं.

इंजिन थांबलं तसा झरा आपसूक बोलू लागला.
पायरी उजवीकडे बोटभर कललेली,
ते मी सकाळीच टिपलं होतं.
म्हणून पाणी आधी सुबक ळवर चढलं,
मग लंगड्यावर.
दस्तगीर विडी विझवून म्हणाला, निघूया, अंधार पडंल.

उलटा ळ अजून कोरडा होता.