लिफ्ट बंद आहे

अकरा दिवस आमची लिफ्ट बंद होती.
घणसोली, मजला सातवा.
वॉचमननं दारावर खडूनं लिहिलं : बंद आहे.
त्याखाली कुणीतरी : कधीपासून?
त्याखाली आणखी कुणी : जन्मापासून.

तोवर घरात बसण्याची वाटणी अशी होती :
मी महापेच्या ऑफिसात नऊ तास,
कानात परदेशी डॉक्टर,
कुणाकुणाच्या कंबरदुखीच्या नोंदी टाइप करत
स्वतःची कंबर खुर्चीला विसरून.
शार्दूल अकरावीला. पुस्तकापुढे,
खरं तर पुस्तकाआडच्या मोबाइलपुढे.
सुजयची रात्रपाळी, त्याची झोप दुपारी,
पडदे ओढून, उधार आणल्यासारखी.
आणि आबा, रबाळ्याला तीस वर्षं लेथवर उभे.
कंपनी बसली, मग तेही बसले
बाल्कनीत, खुर्ची रस्त्याकडे करून.

एकट्या कुहूला बसणं ठाऊक नव्हतं.
वय चौदा महिने. पडायची, उठायची,
उठली की पुन्हा पडायला मोकळी,
आणि बटण दाबून दिवा घालवावा
तशी मध्येच झोपायची, हातात बिस्किट.
आम्ही मोठी माणसं रात्री दीडला छत बघायचो.
दिवसभर बसलेल्याला
आडवं झालं तरी बसल्यासारखंच वाटतं.

एकशे सव्वीस पायऱ्या.
पहिल्या दिवशी शार्दूलनं मोजल्या, शिव्या देत.
आबा तिसऱ्यावर थांबले, कठड्याला धरून म्हणाले,
"गुडघ्यात गंज चढलाय गं."
दुसऱ्या दिवशी चारशे दोनच्या अम्मिणी आंटींनी
जिन्यात निळं स्टूल ठेवलं.
आबांसाठी, म्हणाल्या,
पण बूड टेकायचे सगळेच.
सहा वर्षांचा शेजार तिथं पहिल्यांदा बोलला.

गॅसवाला मात्र सिलिंडर खांद्यावर घेऊन
स्टुलाकडे न बघता वर गेला.

सहाव्या दिवशी दुपारी
हौसाबाई बसलेल्या दिसल्या त्या स्टुलावर.
तुर्भ्याहून येतात, अकरा घरं,
पहाटे चारला पाण्याची रांग, मग डबे, मग आम्ही.
मान भिंतीला, तोंड किंचित उघडं,
पिशवी मांडीत घट्ट.
गाढ.
आबा पायऱ्या चढून आले. मी म्हटलं, उठवू?
त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.
"असू दे. मला उभं राहायची सवय आहे."
आणि राहिले उभे, पाय किंचित फाकवून,
पुढे लेथ असावी तसे,
वीस मिनिटं,
कुहू त्यांच्या पायांमधून ये-जा करत होती.

बाराव्या दिवशी लिफ्ट चालू झाली.
पेढे वाटले, खरंच.
मला आता बाराच्या आत झोप लागते, कधी कधी.
शार्दूलला नाही; त्याची परीक्षा आहे, असं तो म्हणतो.
आबा लिफ्टनं चौथ्यावर उतरतात
आणि तिथून पायी वर येतात,
घाम पुसत, कुणाला न सांगता.

काल भांडी आवरून निघताना
हौसाबाईंनी चपलेत पाय घालत विचारलं,
"स्टूल हाय न्हवं अजून?"
आहे, म्हटलं.
लिफ्टचं बटण दाबायला उचललेला हात
त्यांनी खाली घेतला.