तळवा

माझं काम पाण्याचं.
फत्तेगंजच्या बाजूला, कॉलेजच्या मागच्या इमारतीत,
जिथे खिडक्यांना काळा कागद डकवलाय
कारण इथला दिवस आम्ही ठरवतो:
नऊला उजाडतं, रात्री अकराला मावळतं.
पाणी अठ्ठावीस अंश. साडेअठ्ठावीस चालतात.
तीस झाले की पलक दोशीचा फोन, मग रविवार असो नाहीतर उत्तरायण.

मासे करंगळीच्या दीड पेराएवढे,
अंगावर निळे पट्टे, जुन्या गादीच्या खोळीसारखे.
त्यांच्यात माणसाचा एक बिघडलेला जनुक घातलाय.
कुणा माणसाचा, मी विचारलं होतं.
कोईनो नहीं, मासी, पलक म्हणाली.
मला ती मासीच म्हणते. शोभतं.

चौथ्या महिन्यात डाग उमटतो.
आधी तिटेएवढा,
दृष्ट लागू नये म्हणून कुणी काजळाचं बोट टेकवावं तसा.
मी वहीत लिहिते:
टाकी अकरा, मासा सहा, शेपटीच्या मुळाशी, एक मिमी.
पुढल्या सोमवारी: दीड.
मग तो डाग काढून
पलीकडच्या रांगेतल्या बिनपट्ट्यांच्या कातडीखाली टोचतात.
ते काचेसारखे. काळीज हलताना दिसतं,
सकाळी खाल्लेलं दिसतं,
आणि काळं कुठून कुठे चाललंय तेही,
बाहेरूनच.

सहा वर्षं झाली. हलत्या पाण्यातून, हलत्या माशावरचा
तीळ कोणता आणि तो कोणता, मला लांबून कळतं.

दत्ताजीदादा चाळीस वर्षं आखाड्यात. अनवाणी.
ताक आणि तेल मुरलेली ती माती.
तळव्याला टोचतंय म्हणाला.
कुरूप असेल, मी म्हटलं.
रावपुऱ्यातल्या मेडिकलमधून चकती आणून दिली,
मधे भोक असलेली, पंधरा रुपयांची.
हातात दिली. लाव म्हटलं. कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेले.

त्या वर्षी भाऊबीजेलाही त्याच्या पाया पडले होते.
पाया पडताना तळवा दिसत नाही.

दवाखान्यात, ट्यूबलाइटखाली,
डॉक्टरांनी टाच उचलून धरली तेव्हा दिसला:
कडा पाण्यात शाई सांडावी तशा,
मधे काळा, एका अंगाला निळसर.
अकरा मिमी.
पट्टी लावायच्या आधीच मला आकडा कळला होता.

तळपायाची आग मस्तकात गेली,
असं आपण रागाबद्दल म्हणतो.
दादाची गेली तेव्हा त्याला राग आलेला नव्हता.
सात महिने लागले तिला.
शेवटी तो मला आईच्या नावानं हाक मारायचा
आणि दंड किती झाले ते विचारायचा.
मी सांगायची, पाचशे.

तेराव्यानंतरच्या सोमवारी कामावर आले.
वही तशीच होती, मधली पानं पलकनं भरलेली,
तिचे सात गुजराती.

ती जैन. घरात कांदासुद्धा नाही.
ज्या दिवशी टाकी रिकामी करायची असते
त्या दिवशी गुंगीचं औषध पाण्यात सोडण्याआधी
ती काचेजवळ वाकते, ओठ हलतात.
मिच्छामि दुक्कडम्.
मला वाटायचं मोजते आहे.
मी ते शब्द घेतलेले नाहीत. माझे नाहीत ते.
आणि माफी मागायची तर माशांची रांग लांब आहे,
त्यांच्या आधी एक पाय आहे.

आदल्या रात्री नर-मादीमधे पट्टी लावते,
सकाळी दिवे लागले की अंतरपाट काढते.
मंगलाष्टकं पंपाची.
दहा मिनिटांत अंडी जाळीतून खाली,
मोहरीहून लहान, आरपार.
दुसऱ्या दिवशी आत काहीतरी उडू लागतं,
भिंगाखाली तेच बघत बसते, वेळ असला की.

परवा पलक वरची रांग बघायला
सँडल काढून स्टुलावर चढली.
थांब, म्हटलं. पाय तसाच राहू दे.
शुं थयुं, मासी?
उजव्या टाचेवर काहीतरी होतं.
धूळ होती.
तरी ओल्या बोटानं पुसून पाहिली.