बुधवार

डॉक्टर म्हणाले, वार तुम्हीच ठरवा.
सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा,
शनिवारी मारुतीला तेल.
बुधवार तेवढा कुणाला दिलेला नव्हता,
तो मी घेतला.

ऐरोली, सेक्टर आठ, माझं पोळीभाजी केंद्र.
फ्रीजच्या दारात लिंबांशेजारी
ते निळं पेन आडवं असतं.
पोटाची घडी चिमटीत धरते,
लाटी तोडावी तशी,
आणि दहापर्यंत मोजते.
टोचत नाही फारसं.
किंमत टोचते. एका महिन्याला किती पोळ्या,
हा हिशेब एकदाच केला, वहीच्या मागच्या पानावर.
ते पान मग चुलीत.

पहिले तीन आठवडे
फोडणीत हिंग पडला की मी मागच्या दारी.
गुलाब मढवी लाटणं थांबवून म्हणाली,
"ताई, या वयात?"
बावन्न वर्षांची मी
पिठाच्या हातांनी तोंड दाबून हसले.

मग एका दुपारी आवाज गेला.
डोक्यात सतत कुणीतरी बोलायचं:
एक पुरी उरलीये.
डब्याच्या कडेला खवा चिकटलाय.
उघड ना झाकण, कोण बघतंय.
चाळीस वर्षं.
मला वाटायचं, तीच मी.

तोंडावर ताबा ठेव, म्हणायचे सगळे.
चतुर्थ्या केल्या, कारल्याचा रस प्याले,
पहाटे खाडीपर्यंत चालले,
गुडघे बोलू लागले, काटा गप्प.
आता कळतं,
ज्यांच्या डोक्यात मुळात शांतता होती
तेच सांगत आले ताब्याच्या गोष्टी.

सतरा किलो उतरले.
अळूत मीठ बरोबर आहे का, हे आता गुलाब बघते.
कंपनीतला तो उंच मुलगा परवा म्हणाला,
"चव जरा बदललीये, नाही?"
मी त्याला एक पोळी जास्त बांधली.

अजून किती दिवस, मी विचारलं.
"बीपीच्या गोळीला विचारलंत कधी?"
बंद केलं तर परत येतं, म्हणाले,
पाहुण्याबद्दल सांगावं तसं.

मंगळवारी रात्री औषध उतरणीला लागतं.
शेवटची पोळी तव्यावर, शटर अर्धं खाली.
आणि फार लांबून, ओळखीचा:
जेवलीस का गं?
हो, म्हटलं. दीड पोळी, वरण.
तो थोडा वेळ थांबला.
मीही गॅस लगेच बंद केला नाही.