पाचव्या बर्फानंतर

सेंदाईच्या कोर्टात माझी साक्ष झाली
मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीआधी.
कंपनीच्या वकिलांनी कागद जांभळ्या बासनात बांधून आणले होते,
गाठ सोडण्यातच बराच वेळ गेला.
मग म्हणाले, हाताकेयामा-सान,
या खेळातल्या कुत्र्याला कोण मारतं?

मी म्हटलं, मी.

त्याचं नाव कोगे. कोगे म्हणजे
भाताच्या भांड्याला बुडाशी धरलेली खरपुडी.
तसाच रंग, तसाच चिवट.
पहिल्या बर्फात तो तुमच्या मागे लागतो,
दुसऱ्यात पूल ओळखायला शिकतो, तिसऱ्यात लंगडतो.
पाचव्या बर्फाच्या रात्री
कुठलंही बटण दाबा,
उठत नाही.
एकोणीस वर्षांपूर्वी लिहिलं हे,
ऑफिसच्या टेबलाखाली झोपून काढलेल्या हिवाळ्यात.
लोक पत्रं पाठवायचे, रडलो म्हणून.
मला आवडायचं ते. खोटं कशाला बोलू.

समोर बसली होती त्सुगुमी ओइकावा,
अकिताच्या इस्पितळात रात्रपाळीची नर्स.
तिने केलं ते एवढंच:
एका जागी शून्य होतं, तिथे एक लिहिला.
कोगे उठला.
मग तिची ती दुरुस्ती एक्केचाळीस हजार घरांत गेली
आणि तो तिथेही उठला.

वकील म्हणाले, ही मोडतोड आहे.
तो मृत्यू म्हणजे कृतीचा आत्मा,
त्या मृत्यूवर हक्क आमचा.
लघुलेखिकेने हे वाक्य
न अडखळता टिपून घेतलं.

न्यायाधीशांनी विचारलं, का केलंत?
ती उभी राहिली. पायांत इस्पितळातलेच पांढरे बूट.
म्हणाली, वडलांचा उजवा हात गेलाय.
डाव्याने खेळतात. चौथ्या बर्फापर्यंत येतात
आणि यंत्र बंद करतात. परत पहिल्यापासून.
तीन वर्षं आमच्या घरात हिवाळाच आहे.
पुढे वसंत आहे म्हणतात,
वाटलं, तो त्यांनी बघावा.

तो वसंत मी रंगवला होता.
दोन वर्षं. प्लमची एक फांदी दुसरीसारखी नाही,
कारण एवढं सोसून आलेल्या माणसाला
एकाच साच्यातल्या फांद्या दाखवू नयेत
असं मला तेव्हा वाटायचं.

वकिलांनी विचारलं, कोगे जगला
तर हा खेळ तोच राहतो का?
मी म्हटलं, नाही.
खरं होतं ते. आजही खरंच आहे.
ओइकावाने माझ्याकडे बघून मान लववली,
रुग्णाच्या नातेवाइकांपुढे लववत असेल तशी.

निकाल लागला. तिने फाइल पुसली.
भरपाई हप्त्याने फेडतेय म्हणे.
आणि मी, ज्याच्या एका 'नाही'वर हे झालं,
त्या मी परवा रात्री
ती पुसलेली फाइल कुठून कुठून मिळवून
जुन्या यंत्रात घातली.

बर्फ वितळला. पूल आला. प्लम फुलला.
कोगे चालत होता,
थकल्या अंगाखाली पिल्लाचे पाय.
तिला चित्र काढता येत नाही,
पहिल्या बर्फातले पाय उचलून लावलेले.
हसू आलं मला. मग दिसलं.
झाडांना सावली होती, विहिरीला होती,
उंबऱ्याशी काढलेल्या चपलांनाही मी सावली दिली होती.
कोगेला नव्हती.
वसंतातल्या उन्हात
त्याचा हिशेबच मी धरला नव्हता.

खेळ माझा नाही. करारावर माझी सही आहे,
फांद्यांसकट सगळं कंपनीचं.
एका ठिपक्याला हात लावायचा
तर परवानगी मलाही लागते.

मागितली नाही.
चौदा ठिपके लांब, चार ठिपके रुंद,
पहाटेपर्यंत बसलो होतो.
चष्मा दोनदा पुसावा लागला.
आता तो कठड्याशी उभा आहे
आणि पायापाशी थोडी जमीन काळी झालीय.

अकिताला कशी पाठवायची, ते अजून ठरत नाही.