सरळ बोट

पावती पस्तीस रुपयांची.
मिक्सरच्या भांड्याचं रबर, एक नग.
मुकादम वकीलबाई म्हणाल्या, ही जपा, कुंदाताई,
हिच्यामुळे तुम्ही ग्राहक.
नाहीतर नुसत्याच
दुकानाबाहेर पडणाऱ्या एक बाई.

दार काचेचं होतं.
तडा दिवाळीपासूनचा, त्यावर खाकी चिकटपट्टी,
पट्टीचीही कड सुटलेली.
मी ढकललं. एवढंच केलं मी.
पुढचं फक्त आवाज म्हणून आठवतं,
कुणीतरी अख्खा चुडा एकदम वाढवावा तसा.
मग वाशीच्या त्या फरशीवर
माझी पिशवी, रबर,
आणि लाल.

डॉक्टरांनी कागदावर बोट काढलं,
बोटात दोरी काढली,
दोरी मधोमध तोडली.
कंडरा, म्हणाले.
चव्वेचाळीस वर्षं मराठी बोलतेय,
शब्द माझ्याच हातात होता
आणि आमची ओळख नव्हती.

ऐरोलीत माझं पार्लर. पार्लर कसलं,
जिन्याखालची खोली, एक आरसा,
एक खुर्ची जिची मान मागे जाते.
दोऱ्याचं टोक दातात, पीळ दोन्ही हातांत,
बोटं उघडायची, मिटायची,
उघडायची, मिटायची.
मढव्यांच्या तीन नवऱ्यांची कपाळं नाही,
पण तीन नवऱ्या मुलींच्या भुवया या बोटांनी घडवल्या.
आता उजव्याचं मधलं बोट
मिट म्हटलं की शेजारणीला मिटू देतं,
आपण बघत उभं.

दुकानदार आला होता सुरुवातीला, मोसंबी घेऊन.
कोण सोलणार, हे त्याला सुचलं नाही.
म्हणाला, ताई, पंधरा हजार घ्या,
मिटवून टाका.
मिटतच नाही हो ते,
मी म्हटलं.

मग दाखला. अठरा टक्के, कायमचं.
अठरा कशाचे, मी विचारलं,
हाताचे की माझे?
वकीलबाईंनी चष्मा पुसला.
कागदावर हाताचे, म्हणाल्या,
बाकीचं आपण मानसिक त्रास या रकान्यात मागू.
त्या रकान्यात आकडा लिहायला
मला पूर्ण एक दुपार लागली.
आधी पन्नास हजार लिहिले.
खोडून चाळीस केले, जास्त वाटले म्हणून.
मग स्वतःचाच राग आला आणि एक लाख.

बेलापूरला तारीख.
समोरचे वकील म्हणाले,
पट्टी लावली होती म्हणजे इशारा दिलेला होता.
पुढे म्हणाले, बाई अजून पार्लर चालवतात.
त्यांच्या डाव्या भुवईत तीन केस
उगाच उभे होते.
पूर्वीची मी असते तर अर्ध्या मिनिटाचं काम.
मी ऐकत होते तरी नजर तिथेच.

सदस्य बाई म्हणाल्या, हात दाखवता?
हात दाखवून अवलक्षण नको, सासूबाई म्हणायच्या.
दाखवला.
चार बोटं वळली, एक ताठ.
दालनात कुणीतरी खोकलं.
ते बोट नेमकं दुकानदाराकडे होतं
आणि देवाशपथ, मी रोखलं नव्हतं.

सरळ बोटानं तूप निघत नाही म्हणतात.
मला कुठे वाकडं करायचंय?
साधं पूर्वीसारखं वाकायला हवंय,
दोऱ्यापुरतं.

पुढची तारीख बावीस.
घरी आल्यावर पुतणी आपल्याच पोटरीवर
दोरा चालवून बघत होती,
तीनदा तुटला, चौथ्यांदा ओरडली.
पीळ आधी सैल, मग आवळ, मी सांगत राहिले,
तोंडानं शिकवता येतं तेवढं.

पावतीची शाई उडत चाललीय.
पस्तीसमधला तीन आता अंदाजानं वाचायचा.
झेरॉक्स तीन काढल्यात, एक देव्हाऱ्यात.
आणि ते रबर,
परवा लावून बघितलं पहिल्यांदा,
भांड्याला बसतच नाही.
एक माप मोठं.
बदलून आणायचं राहून गेलं.