परतीचा रकाना

शुक्रवारी पाचच्या आत फॉर्म द्यायचाय.
सहा चौकोन, खूण एकातच:
खरेदी. साठा. वाहतूक. मागणीचा अंदाज.
शीतसाखळी.
आणि तळाशी, शाई संपत आल्यासारखा फिकट,
परतीचा माल.

न्झिसा मॅडम म्हणाल्या, खरेदी घ्या,
आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?
शिवाय खरेदीवाल्याला
समोरचा उठून खुर्ची देतो.
ओकुमूने तिथल्या तिथे खूण केली.
त्याला नैरोबी हवीय, काचेची इमारत,
आणि बंदराचा वास न येणारा शर्ट.

मी चांगाम्वेच्या गोदामात
चहाच्या कागदी गोण्या मोजल्या.
तीनदा मोजल्या, तीन आकडे आले.
चौथ्यांदा पहारेकरी हमिसी उठून उभा राहिला,
आणि हिशेब जुळला:
एका गोणीवर तो बसला होता.
साठा म्हणजे काय ते मला
पुस्तकाआधी असं कळलं.

मग ती रात्र. वीज गेली,
जनरेटर दोनदा खोकला आणि गप्प झाला.
शीतखोलीत इन्सुलिनचे एकशे चाळीस खोके.
सकाळी यंत्रातून कागद निघाला,
त्यावर रेघ चढत गेलेली,
आठ, अकरा, चौदा.
खोक्यांना काहीच झालं नव्हतं.
कोपरे शाबूत, छपाई कोरी,
हात लावला तर गारच वाटत होते.
तरीही सगळे फेकले.
शीतसाखळी, मी तिथेच उभी राहून ठरवलं.
ते ठरवणं दोन आठवडे टिकलं.

लिकोनीच्या फेरीवर रोज उभी असते मी.
इकडून भरून जाते, तिकडून भरून येते.
कोंबड्या, सायकली, शाळेची पोरं,
नारळांची हातगाडी, तिच्यामागे ओरडणारा मालक.
काल मनात आलं,
ही एकटीच गोष्ट पाहिली मी
जिला परतीचं भाडं मिळतं.

बाबांनी बावीस वर्षं ट्रक चालवला,
मोंबासा ते मालाबा.
जाताना खत, सिमेंट, टाईल्स.
येताना वारा.
म्हणायचे, भरलेला ट्रक दमवतो,
रिकामा झोपू देत नाही.
रिकामा उसळतो,
खड्डा न खड्डा कमरेला नाव सांगून जातो.
एकदा शाळेला सुट्टी होती, मलाही नेलं.
परतताना चाळीस फुटी डब्यात
केळ्यांचा एकच घड होता,
दोरीने कडीला बांधलेला,
पळून जाईल अशा बेताने.
वोईपर्यंत मी त्याच्याशी बोलत आले.

आज जेवताना फॉर्म पुढे ठेवला.
आईने वाचला, बोट तळाच्या ओळीवर:
परतीचा माल म्हणजे तू नक्की काय करणार?
म्हटलं, जे परत येतं त्याचं बघणार.
ती म्हणाली, येतंय ना परत?
मग बघायचंय काय त्यात?
आणि भांडी घेऊन गेली.

बाबा गुडघ्याला तेल चोळत होते.
बराच वेळ चोळतच राहिले.
मग विचारलं,
आणि रिकामं आलं तर?
तर ते का रिकामं आलं, ते शोधायचं.
कोण शोधणार?
मी.

त्यांनी बाटलीचं झाकण लावलं.
एल्डोरेटला मका असायचा, म्हणाले,
ऑगस्टनंतर. रस्त्याकडेला, ताडपत्रीखाली.
सकाळी दहापर्यंत थांबलं तर मिळाला असता.
पण कंपनीला ट्रक साडेसातला निघायला हवा असायचा.
नाकुरूला बटाटे. तिथला एक वजनकाट्यावाला,
एकाच डोळ्याने बघायचा, त्याला सगळं ठाऊक.
सुलतान हमुदला चामडी, वास येतो पण पैसा चांगला.
थांब, म्हटलं, थांबा, हळू.

जवळ दुसरा कागद नव्हता.
फॉर्मच्या पाठीवर लिहीत गेले,
मग समासात, मग उलटा करून
चौकोनांच्या मधून.
खरेदीवर बटाटे पडले, शीतसाखळीवर चामडी.
तळाची ओळ तेवढी दिसत होती.
ते अजून मालाबाच्या अलीकडेच होते.

उद्या मॅडमकडे
नवा फॉर्म मागावा लागेल.