तेरा स्टोन, चार पौंड

या देशात माणसं दगडांत मोजतात.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले होते.
आता दर मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये
बूट, घड्याळ, कानातले,
एकदा तर मंगळसूत्रसुद्धा काढून ठेवून
मी माझे दगड मोजून घेते.

सोळा होते. तेरा उरलेत, वर चार पौंड.
ते चार पौंड अकरा आठवडे
घरजावयासारखे ठाण मांडून बसलेत.

मॉरीन चष्म्यावरून काटा वाचते,
म्हणते, “तेवढंच, लव्ह.”
विगनमध्ये लव्ह म्हणजे बाई, बाळ, गिऱ्हाईक, कुणीही.
कार्डावर तोच आकडा पुन्हा लिहिते
इतक्या हळू,
जणू कुणाच्या घरी वाईट बातमी पोचवायची आहे.

पहिले दोन दगड कसे गेले कळलंच नाही.
लोक विचारायचे, काय करतेस गं?
मीही सांगायचे, निवडून आलेल्या उमेदवाराच्या थाटात:
भात वाटीभर, तूप थेंबभर,
सातनंतर स्वयंपाकघराला कुलूप.
आता कुणी विचारत नाही.
वाटी तीच, थेंब तोच.
पण शरीर म्हणजे जुना मुरलेला हिशेबनीस,
इकडची कपात
तिकडून गुपचूप भरून काढतो.

फोनवर आत्या म्हणते, एकादशी धर.
आत्याची एकादशी मी पाहिलेली आहे:
साबुदाणा, दाण्याचं कूट, रताळ्याचा कीस,
आणि देवाला नको वाटायला, वर एक केळं.

फेब्रुवारीत डेरेक यायचा थांबला.
बस चालवायचा. म्हणायचा,
माझ्यासाठी कंपनीनं सीट मागे सरकवलीय,
आता वजन उतरलं तर पाय पुरायचे नाहीत ब्रेकला.
हसायचे सगळे. सात आठवडे त्याचाही काटा
जागचा हलला नव्हता.

नवव्या मंगळवारी मीही गेले नाही.
ओट्यापाशी उभ्यानं, दिवा न लावता
फरसाणाचा अख्खा पुडा संपवला.
अंधारातलं खाणं धरत नसतील, अशा हिशेबानं.
तळाशी उरलं तिखटमीठ.
त्यात बोट. तेही.

शनिवारी कालव्याकाठी चालत निघाले, रागानंच.
इथे पाण्यालाही कुलपं आहेत, एकवीस,
टेकडीभर एकावर एक.
एक लाल होडी दोन दारांमध्ये कोंडलेली,
होडीवाली बाई कठड्याला टेकून चहा पीत होती.
मी थांबून बघत राहिले. होडी ढिम्म.
मग नजर भिंतीकडे गेली:
मघाशी शेवाळलेल्या आठ विटा दिसत होत्या,
आता पाच.
बाई म्हणाली, वर अजून चौदा आहेत. बिस्किट?
नको म्हणाले.
मग घेतलं. अर्धं.

यातून मी काही शिकले असं मुळीच नाही.
दगडापेक्षा वीट मऊ, एवढंच मनात आलं
आणि एकटीच हसत
पुढच्या पुलापर्यंत गेले. मग त्याच्याही पुढच्या.

काल पुन्हा मंगळवार. पुन्हा तेवढंच, लव्ह.
खुर्च्या आवरायची पाळी माझी होती.
गेल्या वर्षी एकेक न्यायचे,
मध्येच गुडघा धरून भिंतीशी टेकायचे,
कुणी बघत नाही ना, हे बघत.
काल भिंतीशी पोचले आणि मॉरीन म्हणाली,
अगं, चार आणल्यास एकदम?
मी खाली पाहिलं. चार होत्या.

कार्डावर याला रकाना नाही.

घरी येऊन डेरेकला मेसेज टाकला:
माझं तेवढंच. तुझं?
दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

पुढच्या मंगळवारी जरा लवकर जाईन.
खुर्च्या मांडायलाही कुणीतरी लागतं,
आणि एक जास्तीची
दाराजवळ ठेवायची आहे.